नोटीस कंपनीला गेली, व्हिडिओ माझा होता

मागच्या पावसाळ्यात, २०२५ च्या जुलैत, आमच्याकडे काविळीची साथ आली होती आणि त्या साथीवर मी केलेला एक व्हिडिओ सरकारी नोटिशीवरून बंद केला गेला. ती नोटीस मला आलीच नाही, ती गेली ज्या प्लॅटफॉर्मवर मी व्हिडिओ टाकला होता त्याच्या कंपनीला. तिची प्रत हातात पडेपर्यंत काय काय करावं लागलं ते एकदा सगळं लिहून काढतेय, कारण ओळखीतले बरेच जण विचारतात आणि मधल्या काळात आमच्याच तालुक्यातल्या आणखी काही जणांचे व्हिडिओ असेच गेले, त्यांना सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

आधी व्हिडिओत काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते. जुलैत बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते पिवळं द्रव्य) वाढलेले रिपोर्ट एकामागून एक यायला लागले आणि बहुतेक सगळे एकाच भागातले, म्हणजे पाण्याकडेच बघायला पाहिजे हे उघड होतं. म्हणून त्या गल्लीत जाऊन नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, आणि लाइनीच्या अगदी शेवटच्या नळालासुद्धा ०.२ पीपीएम क्लोरीन राहिलं पाहिजे असा नियम आहे. तिथे पाण्याला रंगच आला नाही. पाइप गटारातून जातो आणि जोडाजवळ गळतो तेही मोबाइलवर शूट केलं, पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला, 'पिण्यास अयोग्य' असा रिपोर्ट आला, तो रिपोर्ट व्हिडिओत जसाच्या तसा वाचून दाखवला. कोणाचं नाव घेतलं नाही (नगरपरिषदेत तेव्हा प्रशासकच होते), एकाही पेशंटची ओळख कळेल असं काही ठेवलं नाही. आणि शेवटची काही मिनिटं फक्त काळजी काय घ्यायची ह्याच्यावर होती, पाणी उकळून प्या, टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किती टाकायची, आणि गरोदर बायकांनी तर उकळल्याशिवाय घोटभरसुद्धा पिऊ नका, कारण पाण्यातून येणाऱ्या काविळीत हेपटायटिस ई असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत ती बाईच्या जिवावर बेतू शकते. मला त्या शेवटच्या भागासाठीच व्हिडिओ करायचा होता, बाकीचं सगळं लोकांना पटावं म्हणून.

त्याच आठवड्यात गावात दुसरेही व्हिडिओ फिरत होते. एकात मेलेल्यांचा आकडा सांगितला होता जो साफ खोटा होता. दुसऱ्यात टाकीत कोणीतरी मुद्दाम विष कालवलंय म्हणून सांगत होते आणि कोणी कालवलं तेही सुचवत होते, कुठल्या समाजाकडे बोट होतं ते लिहायची गरज नाही. असले व्हिडिओ काढायलाच पाहिजेत, ताबडतोब काढायला पाहिजेत, ह्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आपण महाराष्ट्रात तरी विसरू नये, मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. म्हणजे सरकारने प्लॅटफॉर्मवर अंकुश ठेवूच नये असं म्हणणाऱ्यातली मी नाही, हे आधीच सांगते.

तर झालं असं की जुलैच्या शेवटी कंपनीचा मेल आला. इंग्रजीत, दोन-तीन ओळींचा, सरकारी यंत्रणेकडून कायदेशीर विनंती आल्यामुळे तुमचा व्हिडिओ भारतात दिसणार नाही. कुठली यंत्रणा, कुठलं कलम, व्हिडिओतलं कुठलं वाक्य, काहीच नाही. माझी नणंद दुबईला असते, तिला व्हिडिओ व्यवस्थित दिसत होता, गावाबाहेर हजारो मैलांवर दिसतोय आणि ज्या गल्लीतल्या बायांसाठी केला त्यांना दिसत नाही, ह्याचा मला फार राग आला. मी त्या दिवसापासून लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगायला लागले, दारावर मराठीत कागद चिकटवला. पण लॅबमध्ये येणार किती जण, आणि जो येतो तो बहुतेक आजारी पडल्यावरच येतो.

माझा मावसभाऊ जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आधी कलम कुठलं लावलंय ते काढ. त्याशिवाय कोणाशी भांडायचं तेच ठरणार नाही." हे त्याचं म्हणणं मला तेव्हा फार किरकोळ वाटलं होतं, पण सगळी गोष्ट तिथेच अडली होती.

त्याने मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. आयटी ॲक्टमध्ये, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यात, सरकारला मजकूर बंद करायला दोन वाटा आहेत. एक कलम ६९अ. त्यात कारणं ठरलेली आहेत, देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, देशाची सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि ह्यांच्याशी जोडलेल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. त्यासाठी २००९ चे वेगळे नियम आहेत, समिती आहे, कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि नियम ८ म्हणतो की ज्याने मजकूर टाकला तो माणूस किंवा कंपनी, ह्यांना नोटीस देऊन म्हणणं ऐकायचं. दुसरी वाट कलम ७९(३)(ब). कलम ७९ मुळात कंपन्यांना संरक्षण देणारं कलम आहे, लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही म्हणून, ह्यालाच सेफ हार्बर म्हणतात. पण (३)(ब) म्हणतं की सरकारने कळवल्यावरही बेकायदा मजकूर काढला नाही तर हे संरक्षण जातं. ह्या वाटेला ६९अ सारखी समिती नाही, मजकूर टाकणाऱ्याला ऐकून घ्यायची तरतूद नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने २०२४ मध्ये सुरू केलेलं सहयोग पोर्टल ह्याच कलमावर चालतं, तिथून नोटीस थेट कंपन्यांना जाते.

आणि कंपनी काय करणार? ह्याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी ५० लाखांवर युजर असलेल्या प्लॅटफॉर्मला भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी (कंपनी कायदा पाळते ना ते बघणारा) नेमायला लावलाय आणि तो स्वतः गुन्ह्यात अडकू शकतो. एका तालुक्याच्या गावातल्या लॅबवाल्या बाईच्या व्हिडिओसाठी कोण आपला माणूस अडकवेल, ते काढूनच टाकणार. मला ह्यात कंपनीचा दोष फार वाटत नाही खरं तर. भाडेकरूचं सामान बाहेर काढायचं आणि कागद मात्र घरमालकाला दाखवायचा असा हा कारभार आहे, घरमालक कशाला भांडेल.

तर मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार टाकली. नियमाप्रमाणे २४ तासांत पोच द्यायची असते आणि तेव्हा १५ दिवसांत निकाल लावायचा असायचा. पोच लगेच आली. उत्तर मुदतीच्या अगदी काठावर आलं आणि त्यात पहिल्या मेलमधलंच वाक्य थोडं फिरवून लिहिलेलं होतं. इथे एक सांगते, तक्रार लिहिताना 'माझा व्हिडिओ परत द्या' एवढंच लिहू नका. मी भावाच्या सांगण्यावरून चार गोष्टी स्पष्ट मागितल्या होत्या, नोटीस पाठवणाऱ्या कार्यालयाचं नाव, नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख, कलम, आणि आक्षेप व्हिडिओच्या कुठल्या भागाला आहे ते. उत्तरात ह्यातलं काहीच नव्हतं, पण मी मागितलं होतं आणि त्यांनी दिलं नाही हे कागदावर आलं, ते पुढे उपयोगी पडलं.

त्याच्यापुढे अपील. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नियमात बदल करून सरकारने तक्रार अपील समित्या आणल्या, जानेवारी २०२३ मध्ये तीन समित्या नेमल्या. सगळं ऑनलाइन आहे, कंपनीचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत अपील टाकायचं, फी नाही, दिल्लीला जावं लागत नाही. सरकारने नेमलेल्या समितीने सरकारच्याच नोटिशीवर काय निर्णय द्यायचा हा प्रश्न माझ्या मनात होता आणि ह्या समित्यांवर टीका करणारे हाच मुद्दा मांडतात, पण तरी मी अपील टाकलं आणि टाकलं ते बरंच झालं. कारण अपिलात कंपनीला आपलं म्हणणं लेखी द्यावं लागलं आणि त्या लेखी म्हणण्यात पहिल्यांदा मला कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक आणि ७९(३)(ब) हे तिन्ही दिसलं. व्हिडिओबद्दल तिथे काही झालं नाही, कंपनीने कायदेशीर नोटीस पाळली एवढाच तो विषय होता, पण मला पत्ता मिळाला. कार्यालय आपल्याच राज्यातलं होतं. नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे तिथल्याच एका अधिकाऱ्याने रीतसर वागून प्रत दिली आणि माझा मुद्दा एका कार्यालयापुरता नाहीच.

मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज करणाऱ्यांना माहीत असेल, जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत, हा १५० शब्दांचा नियम २०१२ पासून आहे. मी मागितलं ते एवढंच, अमुक जावक क्रमांकाच्या नोटिशीची प्रत, तिच्यासोबतची यादी, आणि माझ्या लिंकबद्दल फायलीत केलेली टिपणी. जन माहिती अधिकाऱ्यांचं उत्तर तीस दिवसांच्या आत आलं, नकार, कलम ८(१)(ह), तपासात बाधा येईल म्हणून.

हे वाचून मी हादरलेच. तपास? कसला तपास, माझ्यावर? भावाने शांत केलं. त्याने सांगितलं की दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्येच भगतसिंग विरुद्ध केंद्रीय माहिती आयोग ह्या प्रकरणात सांगून ठेवलंय, नुसता तपास चालू आहे एवढं म्हणून माहिती नाकारता येत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम १० आहे, कागदातला जो भाग देता येत नाही तो काळा करून उरलेला द्यायचा. ह्या दोन मुद्द्यांवर प्रथम अपील केलं, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टँप. सोबत कंपनीचे सगळे मेल, प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि व्हिडिओतलं सगळं बोलणं शब्दन् शब्द टाइप करून जोडलं. हे टाइप केलेलं फार महत्त्वाचं ठरलं, कारण व्हिडिओ भारतात उघडतच नाही, तर अपिलीय अधिकारी तो बघणार कुठे.

सुनावणीला मी स्वतः गेले, भावाला नेलं नाही, त्याने सांगितलं होतं की तू एकटीच बोल, वकील बघितला की समोरचा माणूस पण कलमांतच बोलायला लागतो. प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांनी टाइप केलेलं बोलणं माझ्यासमोर पूर्ण वाचलं. मग जन माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "ह्यांच्यावर काही गुन्हा दाखल आहे का?" ते म्हणाले नाही साहेब. "मग ह्यांना तपासाचं कारण कसं दिलं?" ते म्हणाले की नोटीस सगळ्यांची मिळून एकच आहे, बाकी काही जणांवर गुन्हा आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं असणार. साहेबांनी बाकीच्या लिंका आणि खात्यांची नावं झाकून प्रत द्यायचा आदेश काढला. बाहेर पडताना जन माहिती अधिकारी म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी तुमचा तो पाणी उकळायचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता." हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट तेच कळेना.

प्रत आली. पहिल्या पानावर विषय, संदर्भ, मग एकच परिच्छेद, सदर लिंकांवरून पिण्याच्या पाण्याबाबत अफवा पसरवल्या जात असून सार्वजनिक शांततेला बाधा पोहोचण्याची शक्यता आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३, आयटी ॲक्टचं ७९(३)(ब), सबब तात्काळ हटवावे. खाली तक्ता. तक्त्यात लिंकांची लांबलचक यादी, सगळ्या काळ्या केलेल्या, मधेच माझी एक उघडी. शेवटचा रकाना 'आक्षेपार्ह मजकुराचे स्वरूप', आणि त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, अफवा. माझ्या लिंकसमोरही तोच. टिपणी म्हणून वेगळं काही फायलीत नव्हतंच.

विष कालवल्याचा व्हिडिओ, खोट्या मृत्यूंचा व्हिडिओ आणि सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट वाचून दाखवणारा व्हिडिओ, तिन्हींचं स्वरूप एकच. माझा व्हिडिओ कोणी पूर्ण बघून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. गावात तणाव होता, रात्री बसून कोणीतरी पाण्याबद्दलच्या लिंका गोळा केल्या असतील, कामाचा ताण मी समजू शकते, साथीच्या दिवसांत आम्हीही रात्र रात्र जागत होतो. पण कलम ३५३, म्हणजे अफवा पसरवण्याबद्दलचं कलम, काढून वाचलं तर त्यात अपवाद लिहिलेला आहे, बोलणाऱ्याला ती गोष्ट खरी मानायला सबळ कारण असेल आणि तो चांगल्या हेतूने बोलत असेल तर तो गुन्हाच होत नाही. माझ्याकडे सही-शिक्क्याचा रिपोर्ट होता. तो मी नोटीस आल्या दिवशी दाखवला असता. पण दाखवणार कोणाला, नोटीस कुठे मला आली होती.

ती प्रत हातात आल्यावर पुढचं काम फार सोपं झालं हे मुद्दाम लिहिते. त्या कार्यालयाला एका पानाचं निवेदन दिलं, माझी लिंक अमुक, तिच्यात अफवा म्हणावं असं कुठलं वाक्य आहे ते दाखवा, नसेल तर तेवढ्या लिंकपुरती नोटीस मागे घ्या, सोबत रिपोर्ट. त्यांनी कंपनीला कळवलं की ह्या लिंकबाबत हरकत नाही. कंपनीने मग यथावकाश व्हिडिओ उघडला. भांडण नाही, कोर्ट नाही. जो कागद पहिल्या दिवशी मिळाला असता तर आठवड्यात निकाल लागला असता तो मिळवण्यातच बाकी सगळा काळ गेला, आणि साथ तर सप्टेंबरातच ओसरली होती. त्या मधल्या काळात त्या गल्लीत कोण न उकळता पाणी प्यायलं आणि त्यातलं कोण आजारी पडलं ह्याचा हिशोब कोणालाच लावता येणार नाही, आणि मला तो विचार सोडत नाही.

ह्या निमित्ताने मी बरंच वाचलं. २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख गेले तेव्हा मुंबई बंदवर फेसबुकवर एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, ते आयटी ॲक्टचं कलम ६६अ होतं, आणि त्याच अटकेनंतर कायद्याची एक विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली, श्रेया सिंघल प्रकरण, २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच निकालात ७९(३)(ब) बद्दलही लिहिलंय ते फार कोणी सांगत नाही, की कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना आली तरच कंपनीवर जबाबदारी येईल आणि ती सूचना राज्यघटनेच्या १९(२) मधल्या, म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालायच्या, कारणांत बसली पाहिजे. आपल्या मुंबई हायकोर्टानेही ह्या २०२१ च्या नियमांना दोनदा चाप लावलाय, ऑगस्ट २०२१ मध्ये बातम्यांच्या साइटवरच्या आचारसंहितेच्या भागाला स्थगिती दिली, त्यात निखिल वागळे एक याचिकाकर्ते होते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारच्या फॅक्ट चेक युनिटची (सरकारबद्दलचा मजकूर खरा की खोटा हे सरकारनेच ठरवायची) तरतूद घटनाबाह्य ठरवली, कुणाल कामरांच्या याचिकेवर, तिथे आधी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नव्हतं म्हणून तिसऱ्यांकडे गेलं होतं.

पण माझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा निकाल कर्नाटक हायकोर्टाचा आहे. एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, ह्या कंपनीने सहयोग पोर्टलला आव्हान दिलं होतं, २४ सप्टेंबर २०२५ ला ते फेटाळलं गेलं. त्यात एक मुद्दा असा होता की भाषणस्वातंत्र्याचा कलम १९ चा हक्क भारताच्या नागरिकांना आहे, परदेशी कंपनी तो मागू शकत नाही. मला हे वाचून पटलं, खरंच आहे, घटनेत 'नागरिक' असाच शब्द आहे. पण मग पुढचा विचार करा. हक्क माझा, कारण मी नागरिक. नोटीस मात्र कंपनीला, जिला तो हक्क मागताच येत नाही. मग ह्या नोटिशीविरुद्ध माझ्या हक्काबद्दल बोलणार कोण? मला नोटिशीचा पत्ताच नाही आणि कंपनीला बोलायचा अधिकार नाही. ही गोष्ट मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेलं नाही, भावानेही नाही.

असंही नाही की मजकूर टाकणाऱ्याला प्रत देणं अशक्य आहे. हुंड्यावर उपरोधाने लिहिलेली 'डाउरी कॅल्क्युलेटर' नावाची एक साइट २०१८ मध्ये बंद केली होती, ती चालवणाऱ्या पत्रकाराला आदेश गुप्त आहे म्हणून दिला जात नव्हता, २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्याला आदेशाची प्रत द्यायला आणि त्याचं म्हणणं ऐकायला सांगितलं. काश्मीरच्या इंटरनेट बंदीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्येच सांगितलं की इंटरनेट बंदचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे लोकांना त्याविरुद्ध दाद मागता येईल. आणि युरोपात तर डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये सरळ लिहिलेलं आहे, सरकारी आदेशावरून मजकूर काढला तर कंपनीने तो टाकणाऱ्याला आदेश, त्याचं कारण आणि दाद कुठे मागायची हे कळवायचंच, २०२४ च्या फेब्रुवारीपासून हे सगळ्या प्लॅटफॉर्मना लागू आहे. गुन्ह्याच्या तपासात अडचण येणार असेल तर थोडा वेळ थांबायची सोयही त्यात आहे. हे इतकं अवघड नाहीये.

आपल्याकडे सुधारणा झाल्याच नाहीत असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम बदलले आणि १५ नोव्हेंबरपासून लागू झाले, आता अशी नोटीस सहसचिव दर्जाचा अधिकारी (तो नेमलेला नसेल तर संचालक), पोलिसांत असेल तर डीआयजी म्हणजे उपमहानिरीक्षक, ह्यांच्याखालच्या कोणी पाठवायची नाही, नोटिशीत कायद्याचा आधार, बेकायदा काय आहे ते आणि नेमकी लिंक द्यायची, आणि दर महिन्याला सचिव पातळीवर फेरतपासणी. हे चांगलं आहे, मनापासून सांगते. माझ्या वेळी हे असतं तर त्या रकान्यात सगळ्यांसमोर 'अफवा' लिहून भागलं नसतं. पण ह्यात मजकूर टाकणाऱ्याला कळवायचं कुठेच नाही, आणि ज्याचं म्हणणं ऐकलंच नाही त्याची फेरतपासणी सचिव तरी कशाच्या आधारावर करणार. त्यात २० फेब्रुवारी २०२६ पासून कंपनीला मजकूर काढायला जी ३६ तासांची मुदत होती ती ३ तासांवर आलीय. डीपफेकसारख्या गोष्टींत ३ तासही जास्त वाटतील, एखाद्या मुलीचा खोटा व्हिडिओ फिरत असेल तर मी स्वतः म्हणेन की तासाभरात काढा. पण तीन तासांत कुठलीही कंपनी मराठीतला व्हिडिओ बघून, नोटीस बरोबर आहे का चूक हे तपासून उलट विचारणा करणार नाही. म्हणून वेग वाढवायचा असेल तर वाढवा, पण त्याच क्षणी मजकूर टाकणाऱ्यालाही प्रत जाऊ द्या. व्हिडिओ बंद झाल्यावर मेल पाठवताच ना, त्याच मेलला नोटीस जोडायची. मोबाइल नंबर, ईमेल सगळं कंपनीकडे असतंच.

मी एवढीच एक मागणी लिहून केंद्राच्या आयटी मंत्रालयाला पाठवली आहे, माझ्या प्रकरणातली काळी केलेली नोटीस सोबत जोडून, २०२१ च्या नियमांतल्या ह्या नोटिशींबद्दलच्या नियम ३(१)(ड) मध्ये एक वाक्य वाढवा म्हणून. आमच्या भागाच्या खासदारांनाही प्रत दिली आहे, त्यांच्या सचिवांनी पोच दिलीय, साहेब संसदेत प्रश्न विचारतील का ते अधिवेशनाच्या आधी कळवतो म्हणालेत. ज्यांचे व्हिडिओ किंवा पोस्ट असे गेलेत त्यांनी कंपनीचा पहिला मेल डिलीट करू नका, व्हिडिओतलं सगळं बोलणं शब्दन् शब्द टाइप करून ठेवा, आणि तक्रारीत जावक क्रमांक मागाच. माझ्या अर्जांचे नमुने, जोडपत्र अ आणि ब दोन्ही, कोणाला हवे असतील तर देते, नावं-गावं बदलून तसेच वापरता येतील. पाइपलाइनीचा तो जोड ऑक्टोबरात बदलला, आता त्या गल्लीतल्या नळाला ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येतो, दर सोमवारी बघते.